गायतोंडे इथेच जन्मले, पण बघायचे कुठे?

२०२५च्या सप्टेंबरचे शेवटचे दिवस होते. मधल्या सुट्टीत आठवीतल्या दोन मुली स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. एकीच्या हातात पेपरचं कात्रण. वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक चित्र सॅफ्रनआर्टच्या लिलावात ६७ कोटी ८ लाख रुपयांना गेल्याची बातमी होती. खाली एका ओळीत लिहिलं होतं, जन्म नागपूर. त्या ओळीखाली तिने लाल पेनने रेघ मारली होती.

"मॅडम, हे खरंच आपल्या नागपूरचे?"

"हो. २ नोव्हेंबर १९२४ला इथे जन्मले."

"मग या चित्रात काय काढलंय त्यांनी?"

बातमीसोबत दोन इंची फोटो होता. पेपरच्या छपाईत त्याचा करडा डाग झाला होता. त्या डागाकडे बघून मी मुलींना काहीही समजावलं असतं तरी ते खोटंच ठरलं असतं. "दाखवते तुम्हाला," एवढंच म्हटलं. घंटा झाली, त्या पळाल्या, आणि मग माझ्या लक्षात आलं की दाखवते म्हणाले खरी, पण कुठे?

बावीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या बॅचेस घेते, संध्याकाळी घराच्या मागच्या खोलीत स्वतःची चित्रं करते. नागपुरात चित्रप्रदर्शनं होतच नाहीत असं मुळीच नाही. सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, चिटणवीस सेंटर आहे, शासकीय चित्रकला महाविद्यालयाची मुलं वर्षाच्या शेवटी उत्तम काम मांडतात. अजब बंगला हे संग्रहालय तर १८६३पासून आहे आणि आमची सहल दरवर्षी तिथे जाते. पण शाळेतून मुलांना घेऊन मेट्रोने जावं आणि गायतोंडेंच्या एका मूळ चित्रासमोर उभं करावं, अशी जागा मला या शहरात मिळालेली नाही. रझांचीही नाही. हे मला फार लागतं.

कारण ही माणसं आपल्यापासून दूरची नव्हती. सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ नागपूरच्या चित्रशाळेत शिकले. मंडला जिल्ह्यातून आलेला सतरा वर्षांचा मुलगा. लहानपणी काकैया गावच्या शाळेत त्याचं लक्ष लागत नव्हतं म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला लावलं होतं. म्हातारपणापर्यंत रझा तो ठिपका रंगवत राहिले आणि त्याला बिंदू म्हणत राहिले. हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगावचे, विज्ञानाचे पदवीधर, त्यांचंही शिक्षण नागपुरात झालं. १९४७मध्ये मुंबईत सूझा, हुसेन, आरा, बाकरे, रझा आणि गाडे अशा सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा चित्रकार-शिल्पकारांचा गट काढला. त्या सहांतल्या दोघांनी हे ऊन सोसलेलं आहे. गायतोंडेंचं बालपण मात्र गोव्यात आणि गिरगावात गेलं. त्यांच्यावर नागपूरचा संस्कार झाला असं म्हणून मी उगाच हक्क सांगणार नाही. पण रेघ मारणाऱ्या त्या मुलीला तेवढा धागा पुरला होता. तिला तो पुरला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता माझ्या बाबांबद्दल सांगायला हवं, कारण गायतोंडे बघायला मला त्यांनीच शिकवलं.

बाबा पेंटर होते. म्हणजे लोक ज्याला पेंटर म्हणतात तसे, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. इतवारी, गांधीबाग, महाल, या भागातल्या किती कापड दुकानांवर आणि किराणा दुकानांवर त्यांची अक्षरं होती त्याचा हिशेब नाही. आधी पत्र्यावर दोन हात इनॅमल, ते वाळलं की चुन्यात बुडवलेलं सूत ताणून टणकन सोडायचं, पांढरी सरळ रेघ उमटायची. तिच्यावर खडूने अक्षरांचे सांगाडे, आणि मग चपटा ब्रश. देवनागरीतला 'ळ' ते एका दमात ओढायचे. मी शाळेतून येऊन डबे धरून उभी असायची. रंग घट्ट झाला की त्यात घालायला जवसाच्या तेलाची बाटली असे. आमच्याकडे जेवणात जवसाची चटणी आणि रंगात जवसाचं तेल, त्यामुळे पुढे कॉलेजात सरांनी लिनसीड ऑइल लिहून दिलं तेव्हा मी दुकानात वास घेऊन हसलेच. हा तर घरचा वास.

फ्लेक्स आला आणि बाबांचं काम दोन-तीन वर्षांत संपलं. त्या दिवसांबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही.

डिसेंबर २०१४मध्ये दिल्लीला नात्यातलं लग्न होतं. लग्न आटोपल्यावर एक दिवस हातात होता. मी बाबांना घेऊन इंडिया गेटजवळच्या जयपूर हाऊसमध्ये गेले, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात. बाबांना थंडी सोसत नव्हती, मफलर कानावरून गुंडाळलेला. अमृता शेरगिल यांच्या चित्रांसमोर ते बराच वेळ थांबले. माणसं आहेत, त्यामुळे बोलायलाही काही होतं. पुढे एका दालनात गायतोंडेंचं चित्र होतं. मी तोवर त्यांना पुस्तकांत आणि कॅटलॉगमध्येच पाहिलेलं.

मला आधी काहीच दिसलं नाही. दारातून बघितलं तर रंगाचं धुकं. जवळ गेले तर धुक्यात थर दिसायला लागले. एका थराच्या खाली दुसरा, तो कुठे कुठे वर आलेला, कुठे पुसून काढलेला. मधे काही खुणा, अक्षरं असावीत अशा, पण वाचता येत नाहीत. मी दोन पावलं मागे, दोन पावलं पुढे करत होते. बाबा मात्र चित्राच्या अगदी कडेला जाऊन उभे राहिले, समोर नाही. गाल जवळजवळ भिंतीला लागेल असे, पाटीचा पत्रा तिरका धरून बघायचे तसे. गार्डने हटकलं. बाबा मागे सरकले आणि मला म्हणाले, "हे रोलरनं करून राहिला हा माणूस. मग घासलं. मग वाळू दिलं. पुन्हा केलं."

थोड्या वेळाने म्हणाले, "घाई नाही केली यानं."

माझ्या पाच वर्षांच्या शिक्षणात कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. गायतोंडे खरंच रोलर आणि पॅलेट नाइफ वापरायचे. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे कागद फाडून ओल्या रंगावर ठेवायचे, वरून रोलर फिरवून तो कागद उचलायचे. कागदासोबत रंग निघून यायचा आणि खालचा थर त्या आकारात उघडा पडायचा. वर्षभरात मोजकीच चित्रं पुरी व्हायची. स्वतःच्या चित्रांना ते अमूर्त म्हणत नसत. दिल्लीत निजामुद्दीनला गच्चीवरच्या खोलीत, तिकडे जिला बरसाती म्हणतात तिच्यात, राहायचे. १९८४च्या अपघातानंतर काही वर्षं त्यांनी कॅनव्हासला हात लावला नाही, कागदावर शाईने छोटी रेखाटनं केली. बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी रंगाच्या कडा बघितल्या होत्या.

योगायोग असा की आम्ही जयपूर हाऊसमध्ये उभे होतो त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात गायतोंडेंचं मोठं प्रदर्शन सुरू होतं. मला ते परत आल्यावर कळलं. ते बघायला मिळालं नाही याची खंत नाही. बाबांच्या शेजारी उभं राहून एक चित्र बघायला मिळालं. २०१९ला बाबा गेले.

एक मूळ चित्र बघणं आणि त्याचा फोटो बघणं यात काय फरक आहे, ते मला त्या दिवशी अंगाला कळलं. फोटोत चित्र सपाट होतं. त्याचा आकार जातो, कारण फोनवर सहा फुटी कॅनव्हास आणि पोस्टाचं तिकीट एकाच मापाचं. कडेने बघता येत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, त्याच्यासमोर थांबावं लागत नाही. बोट फिरवलं की पुढचं.

आणि फोटोतून जे गळतं त्याची जागा आकडा घेतो. त्या मुलींना गायतोंडे सापडले ते ६७ कोटींमुळे. मी आकड्याला नावं ठेवत नाही, तो नसता तर कात्रणही नसतं. पण आकडा काय सांगतो आणि काय नाही, हेही त्यांना कळायला हवं म्हणून मी एका तासाला फळ्यावर माझ्याच एका चित्राचा हिशेब मांडला. आमच्याकडे दर चौरस इंचावर ठरतो. २४ बाय ३६चं चित्र म्हणजे ८६४ चौरस इंच. माझा दर इंचाला ३० रुपये, म्हणजे २५,९२०. त्यातले ४० टक्के कलादालनाचे, १०,३६८. माझ्या हातात १५,५५२. त्यातून कॅनव्हास आणि तो ताणायची लाकडी चौकट, फ्रेम, रंग असे साडेसहा हजार गेले. राहिले नऊ हजारांच्या आसपास, आणि त्या चित्राला मला तीन महिने लागले होते. मुलं एकदम गप्प झाली. मग एकाने विचारलं, "आणि त्या ६७ कोटींतले गायतोंडेंना किती?"

ते २००१मध्येच वारले, असं मी सांगितलं. लिलावातला पैसा ज्याच्याकडे चित्र होतं त्याला मिळतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३ अ आहे, दहा हजारांवर किंमत गेली तर पुनर्विक्रीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळावा, जास्तीत जास्त दहा टक्के, असं ते सांगतं. पण बावीस वर्षांत माझ्या ओळखीच्या एकाही चित्रकाराच्या घरी असा चेक आलेला मी ऐकला नाही. कायदा पुस्तकात आहे तर तो चित्रकारांच्या दारापर्यंत आला पाहिजे, आणि त्यासाठी आपण चित्रकारांनीच ओरडलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

माझा स्वतःचा एक वाईट अनुभवही सांगते. मुंबईतल्या एका कलादालनाने माझी पाच चित्रं ठेवून घेतली होती. तीन परत आली, दोनांसाठी मी दीड वर्ष फोन करत राहिले. शेवटी आली तेव्हा एकाचा कोपरा ओलीने फुगलेला. त्याच दालनाने मला सुचवलं होतं की रंग थोडे सोफ्याला जुळतील असे घ्या, लोकांना बरं पडतं. मी घेतले नाहीत. तेव्हापासून चित्र देताना मापं, फोटो, परतीची तारीख हे सगळं कागदावर सहीनिशी घेते, आणि कॉलेजमधून नव्याने बाहेर पडलेल्या प्रत्येकाला हेच सांगते. चहा पाजून गोड बोलणाऱ्याकडूनही सही घ्या.

पण "दाखवते" म्हटलं होतं, ते बाकीच होतं.

दिवाळीनंतर मी शाळेत एक शनिवार मागून घेतला. बारा मुलं, बारा कॅनव्हास बोर्ड, हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले चार इंची रोलर, आणि रद्दी. ॲक्रिलिकने हा प्रयोग आमच्याकडे जमत नाही. नागपूरच्या मे महिन्यात तर पॅलेटवर काढलेल्या ॲक्रिलिकवर दोन मिनिटांत साय धरते, मी ओल्या फडक्यावर बटर पेपर टाकून त्यावर रंग काढते तेव्हा कुठे तो थोडा टिकतो. कूलर लावावा तर त्याच्या वाऱ्याने आणखी लवकर वाळतो आणि त्यात खिडकीतून आलेली धूळ बसते. तैलरंगाचं तसं नाही. तो पाणी उडून वाळत नाही, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. एक थर वाळायला दिवस जातात. म्हणून मी आदल्या आठवड्यातच सगळ्या बोर्डांवर पिवळ्या मातीच्या रंगाचा एक हात देऊन ठेवला होता, आणि त्या शनिवारी मुलांनी त्यावर हिरवट करडा चढवला.

मग कागद फाडायचे. कात्रीने नाही, हाताने, कारण कात्रीची कड खोटी दिसते. पहिल्या अर्ध्या तासात नुसता चिखल झाला. कुणी रोलर इतका दाबला की खालचा थरही उखडला, कुणाचा कागद चिकटूनच बसला. एक मुलगा रडकुंडीला आला. मी कुणाचंच दुरुस्त करून दिलं नाही. रेघ मारणारी ती मुलगी कोपऱ्यात एकटीच करत होती. तिने बोटभर रुंदीचा कागद ठेवला, रोलर अगदी हलका, फिरवला की नाही असा, आणि कागद एका कडेने सोलत सोलत उचलला. खालून पिवळा आला, पण सगळा नाही, मधे मधे हिरव्याचे कण राहिलेले, विटलेल्या भिंतीवर राहतात तसे.

ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मॅडम, काढल्यावरच दिसून राहिलं."

मी तिला बोर्ड कडेने धरून खिडकीच्या उजेडात तिरका बघायला सांगितलं. तिने बघितलं. मग बाकीच्यांनीही आपापले बोर्ड तसे धरले. बारा मुलं खिडकीशी गर्दी करून, डोकी वाकडी करून, रंगाच्या कडा बघत होती. बाबा हे बघायला हवे होते.

हा प्रयोग म्हणजे गायतोंडे नव्हे, हे मला चांगलं ठाऊक आहे. एक तंत्र हातातून गेलं की चित्र कळतं असं नाही. तो रंग नेमका कुठे थांबवायचा, पाचव्या थरानंतर सहावा द्यायचा की नाही, हे ठरवण्यात त्या माणसाचं सगळं आयुष्य गेलं. पण हाताला एकदा कळलं की डोळा थांबायला तयार होतो. त्या दिवशी संध्याकाळी त्या मुलीने पुन्हा विचारलं, आता खरं कधी दाखवणार? मला आणखी टाळता आलं नाही.

आपल्या शहरात एक कायमस्वरूपी दालन हवं. विदर्भातून गेलेल्या आणि इथेच राहिलेल्या चित्रकारांचं प्रत्येकी एक का होईना, पण मूळ काम भिंतीवर असलेलं. कोट्यवधींचं गायतोंडे विकत घ्या असं मी म्हणत नाही. राष्ट्रीय संग्रहालयाकडून वर्ष-दोन वर्षांसाठी उसनं आणता येतं, देशात आणि देशाबाहेर संग्रहालयं हे करतच असतात. त्यासाठी तापमान आणि आर्द्रता सांभाळणारी एक खोली लागते, विमा लागतो, प्रशिक्षित माणूस लागतो. मेट्रो बांधणाऱ्या शहराला एक खोली जड नाही. मी याचं निवेदन लिहिलं आहे, पाच चित्रकार मित्रांच्या सह्या झाल्या आहेत, ज्यांना करायची आहे त्यांनी मला जरूर कळवा.

पण खोली होईपर्यंत ही मुलं दहावी होऊन जातील. म्हणून येत्या फेब्रुवारीत बारापैकी नऊ जणांना घेऊन मी दिल्लीला जाते आहे. ग्रँड ट्रंक एक्सप्रेसची स्लीपरची तिकिटं काढली आहेत. सोबत विज्ञानाच्या मॅडम येतील. सोमवारी संग्रहालय बंद असतं, त्यामुळे मंगळवार धरला आहे. दालनांत टांगलेली चित्रं अधूनमधून बदलतात, म्हणून गायतोंडे सध्या भिंतीवर आहेत का, हे फोन करून विचारून घेणार आहे.

गेल्या आठवड्यात पालकांच्या सह्या घेतल्या. रेघ मारणाऱ्या मुलीची आई इतवारीत मसाल्याच्या दुकानात काम करते. सुट्टी टाकून आली होती, ओढणीला हळदीचा वास. तिने सगळा कागद शांतपणे वाचला.

"ताई, इतक्या लांब जाऊन काय करणार ह्या?"

"चित्र बघणार."

"नुसतं बघणार?"

"हो, नुसतं बघणार. बराच वेळ."

तिने मुलीकडे बघितलं. मुलगी माझ्या टेबलावरच्या बोर्डाकडे बघत होती, तो अजून पुरता वाळला नव्हता. आईने सही केली, पेन परत दिलं आणि विचारलं, गाडीत दोन रात्रीचं जेवण लागेल की एकाच रात्रीचं.